पाण्यात बुडवलं की आकारमान कळतं

(दृश्य: टेबलावर इलेक्ट्रॉनिक काटा, त्यावर पाण्याने अर्धं भरलेलं काचेचं भांडं. शेजारी मूठभर आकाराचा काळा दगड.)

सोलापूरच्या शिवारात कुठेही उभे राहा, हा दगड हाताशी सापडतो. बेसॉल्ट. ना गोल, ना चौकोनी. याची घनता काढायची तर वजनाला आकारमानाने भागायचं. वजन काटा सांगेल, पण अशा वेड्यावाकड्या दगडाला पट्टी लावायची कुठे?

पट्टी लागतच नाही. दगड नुसता काट्यावर ठेवला तर भरतो ३४८ ग्रॅम. आता पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्य करू. दगडाला दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेल असा अधांतरी धरू. भांड्याच्या तळाला किंवा कडेला त्याला टेकू द्यायचं नाही.

(दृश्य: काट्यावरचा आकडा जवळून. थरथरतो, मग १२० वर थांबतो.)

दगडाचा भार हाताने पेललेला आहे, तरी काटा १२० ग्रॅम दाखवतोय. पाणी दगडाला वर ढकलतं, ते प्लावक बल. तेवढ्याच जोराने दगड पाण्याला खाली दाबतो, आणि तो दाब काट्यापर्यंत पोचतो. हे बल दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकं असतं. म्हणजे १२० ग्रॅम पाणी, म्हणजे १२० घन सेंटिमीटर, आणि तेच दगडाचं आकारमान. ३४८ भागिले १२०, घनता २.९. दोरा सैल सोडून दगड तळाला टेकवला, तर मात्र काटा सरळ दगडाचं सगळं वजन दाखवू लागतो.

दगडाला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने झटकून टाकावेत. एवढासा बुडबुडाही आकारमानात मोजला जातो. उन्हाळ्यात इथलं पाणी चांगलंच तापतं. ४० अंशांच्या पाण्याची घनता ०.९९२ असते, म्हणजे फरक एक टक्क्याहूनही कमी. घरच्या प्रयोगात तो सोडून द्यावा.

(दृश्य: हातमागावरची जुनी लाकडी कांडी, पाण्यावर तरंगताना.)

तरंगणाऱ्या वस्तूचं काय? ही मागावरची कांडी. भांड्याचा आकडा पुन्हा शून्य करून ती पाण्यावर सोडली, तर काटा तिचं वजन दाखवतो. मग बारीक सुईच्या टोकाने ती पूर्ण बुडेपर्यंत दाबायची, की काटा तिचं आकारमान दाखवतो. एकाच भांड्यात दोन्ही आकडे मिळाले. फक्त हे चटकन उरकावं, लाकूड पाणी पितं.

आर्किमिडीज आणि राजाच्या मुकुटाची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. मुकुटाने किती पाणी सांडलं ते पाहून त्याने सोनाराची चोरी पकडली म्हणतात. आता हिशोब करून पाहू. एक किलो शुद्ध सोन्याचं आकारमान सुमारे ५२ घन सेंटिमीटर. त्यात ३० टक्के चांदी मिसळली तर सुमारे ६५. फरक १३चा. वीस सेंटिमीटर रुंदीच्या गोल भांड्यात तेवढ्याने पाण्याची पातळी बदलते अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. डोळ्यांनी हे पकडणं फार कठीण. तेच दोन्ही मुकुट पाण्यात तोलले, तर वजनात १३ ग्रॅमचा फरक येतो, आणि तो साधी तागडीही दाखवते. गॅलिलिओला हे खटकलं होतं. १५८६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने पाण्यात तोलायच्या तराजूवर टिपण लिहिलं. मला तर मुकुटाच्या गोष्टीपेक्षा हे टिपण जास्त मोलाचं वाटतं.

सोनं पारखायला आजही ही रीत चालते. शुद्ध सोन्याची घनता १९.३. दागिना पोकळ असेल किंवा आत लाख भरलेली असेल, तर आकडा उगाच खाली येतो. आणि टंगस्टनची घनता जवळपास सोन्याइतकीच असते, तिथे ही परीक्षा एकटी पुरत नाही.

(दृश्य: काळ्या रानातलं ढेकूळ, वितळलेल्या मेणात बुडवताना.)

पण सोलापुरात या रीतीची खरी गरज सराफाच्या पेढीपेक्षा रानात आहे. इथली रब्बीची ज्वारी काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर येते. माती दबली की आतली पोकळी घटते. ओल आणि मुळं, दोघांचीही वाट अडते. किती दबली, ते ढेकळाच्या घनतेवरून कळतं. ढेकूळ तसंच पाण्यात टाकलं तर विरघळून जाईल, म्हणून ते वाळवून, तोलून, वितळलेल्या मेणात बुडवतात.

समजा वाळलेलं ढेकूळ १३६ ग्रॅम, वर मेण चढलं ९ ग्रॅम. पाण्यात अधांतरी धरल्यावर काटा ९० दाखवतो. मेणाची घनता साधारण ०.९, म्हणून त्यातले १० घन सेंटिमीटर मेणाचे. उरले ८०. ढेकळाची घनता १.७. मातीच्या कणांची स्वतःची घनता साधारण २.६५ असते, म्हणजे या ढेकळात जेमतेम ३६ टक्के जागा मोकळी. घनता १.३ निघाली असती, तर निम्मी जागा मोकळी असती.

एक ढेकूळ ट्रॅक्टरच्या चाकोरीतून घ्यावं, दुसरं पिकाच्या ओळीमधून, दोन्ही एकाच खोलीवरची आणि एकाच दिवशीची. काळी माती वाळताना आकसते आणि आकसली की तिची घनता वाढते. पावसानंतरचं ढेकूळ आणि भेगा पडलेल्या रानातलं ढेकूळ शेजारी ठेवून तुलना करू नये.