जाकिटातली पेन्सिल

(कृष्णधवल दृश्य. पूल. खाली नदी.)

पुलाच्या कठड्याशी एक माणूस उभा आहे, पाठमोरा. कागदावर काहीतरी खरडतोय. मग लक्षात येतं, की लिहिता लिहिता हा कागदच चघळतोय.

शहर क्रिस्तियानिया, म्हणजे आजचं ऑस्लो. साल १८९०. चित्रपट मात्र १९६६चा. नाव ‘सुल्त’. नॉर्वेजियन भाषेत सुल्त म्हणजे भूक.

नॉर्वेचा लेखक क्नूत हाम्सून, याच नावाची त्याची कादंबरी १८९० साली आली. त्याआधी दोन वर्षं तिचा एक तुकडा एका डॅनिश मासिकात छापून आला होता, तोही लेखकाच्या नावाशिवाय. या शहरात हाम्सूनने स्वतः उपाशीपोटी दिवस काढले होते. कादंबरीत कथानक म्हणावं असं फार काही नाही. एक तरुण लेखक आहे. लेख लिहितो, संपादकाकडे नेऊन देतो, कधी चार पैसे मिळतात, बहुतेकदा नाही. भाडं थकतं, खोली सुटते.

आपल्याकडे म्हणतात, भुकेला कोंडा, निजेला धोंडा. या गड्याचंही तसंच. लाकडाची ढलपी चघळतो. खाटकाकडून हाड मागून आणतो, आडोशाला जाऊन कच्चंच कुरतडतो. पण मागताना सांगतो काय? कुत्र्यासाठी हवंय! स्वतःसाठी मागायला जीभ रेटत नाही. मला विचाराल तर ही भुकेची गोष्ट नाहीच, ताठ्याची आहे.

कादंबरीतला जाकिटाचा प्रसंग घ्या. एक लंगडा म्हातारा दुधासाठी पैसे मागतो. याच्या खिशात दमडी नाही. ‘नाहीत’ म्हणून सुटायचं, तर हा थेट गहाणवटवाल्याकडे जातो, अंगातलं जाकीट उतरवून देतो, दीड क्रोन घेतो आणि त्यातले पैसे म्हाताऱ्याच्या हातावर ठेवतो. म्हाताऱ्याची नजर याच्या विजारीच्या गुडघ्यांवर जाते. काय ते तो ओळखतो आणि पैसे परत करू बघतो. भिकाऱ्याने आपली कीव करावी? हा असा भडकतो, की विचारू नका.

पुढे आठवतं, पेन्सिल जाकिटाच्या खिशातच राहिली. एक थोटूक. ते मागायला परत दुकानात जातो आणि गहाणवटवाल्याला ऐकवतो, की याच पेन्सिलीने मी तत्त्वज्ञानाचा तीन खंडांचा ग्रंथ लिहिलाय. असा कुठलाही ग्रंथ नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता हे पडद्यावर आणायचं कसं? पुस्तक सगळं ‘मी’ म्हणून सांगितलेलं, सगळा खेळ डोक्यातला. डॅनिश दिग्दर्शक हेनिंग कार्लसनने भार टाकला तो एका चेहऱ्यावर. स्वीडिश नट पेर ऑस्कारसन. त्याची चाल बघा: दोन पावलं ऐटीत, तिसऱ्याला झोक जातो. डोळे खोल गेलेले, आणि ओठांवर सतत काहीतरी पुटपुटणं. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार त्याला मिळाला. संगीत पोलंडच्या क्रिश्तॉफ कोमेदाचं. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन, तिन्ही देशांनी मिळून हा चित्रपट काढला.

(हाम्सूनचं छायाचित्र.)

लेखकाबद्दल मात्र गप्प बसून चालणार नाही. हाम्सूनला १९२० साली नोबेल मिळालं. १९४३ मध्ये ते पदक त्याने हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याला देऊन टाकलं. हिटलर मेल्यावर, नॉर्वे अजून जर्मनांच्या ताब्यात असताना, त्याने हिटलरचा गौरव करणारा मृत्युलेख छापला. पुढे खटला झाला, जबर दंड झाला, पण पश्चात्ताप काही दाखवला नाही. तरुणपणी ज्या ताठ्याची अशी चिरफाड केली, तोच म्हातारपणी याच्या मानगुटीवर बसला, असं मला तरी वाटतं.

परत त्या तरुणाकडे. एका रात्री निवारा नाही म्हणून तो पोलीस चौकीत जातो. बेघर म्हणून नोंद करायची, तर सांगतो, मी पत्रकार, घराची किल्ली हरवली. पोलीस अदबीने त्याला वेगळी खोली देतात. तिथल्या काळोखात तो एक नवाच शब्द जुळवतो, कुबोआ. त्याचा अर्थ काय करायचा, यावर स्वतःशीच वाद घालत पडून राहतो. सकाळी बाकीच्या बेघरांना जेवणाची तिकिटं वाटतात. यालाच मिळत नाही. पत्रकारसाहेबांना फुकटचं जेवण कसं द्यायचं?

(बंदर. धुकं.)

शेवटी तो धक्क्यावर येतो. एक जहाज निघायच्या बेतात आहे. कप्तानाला विचारतो, माणूस हवाय का? कप्तान म्हणतो, जहाजावर कधी काम केलंयस?

‘नाही,’ तो म्हणतो.