ओळंबा आणि फेंगडे पाय

श्रोते हो, नमस्कार.

प्लास्टिकच्या छोट्या विमानांची किट जोडणारी मंडळी आपल्याकडे थोडी असतील, पण त्यातल्या प्रत्येकानं एक संध्याकाळ नक्की भोगलेली असते. रंग झाला, स्टिकर लागले, चाकं चिकटवली. विमान टेबलावर ठेवलं, आणि ते एका कुशीवर कललं.

माझी ही संध्याकाळ आली ती जर्मनीच्या मेसरश्मिट 109 या विमानामुळे. 1935 मध्ये पहिल्यांदा उडालेलं, दुसऱ्या महायुद्धातलं हे लढाऊ विमान. त्याचे पाय पंखांना नसून धडाला जोडलेले असत, त्यामुळे दोन्ही पंख काढून ठेवले तरी विमान आपल्या चाकांवर उभं राहायचं. दुरुस्तीला, रेल्वेनं न्यायला मोठी सोय. पण पाय धडाला म्हणजे जवळजवळ आले. चाकांत जरा अंतर मिळावं म्हणून ते खाली बाहेरच्या बाजूला फाकवले. समोरून पाहिलं तर चक्क फेंगडं दिसतं. खऱ्या वैमानिकांना उतरताना या पायांनी छळलं, आणि किट जोडणाऱ्यांना ते आजही छळतात.

का, ते जरा हिशेबानं बघू. 72 पटींनी लहान केलेल्या या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण 14 सेंटिमीटर भरतात. दोन चाकांतलं अंतर मात्र पावणेतीन सेंटिमीटर. म्हणजे पाचास एक. एक पाय अर्धा मिलिमीटर जरी लांब राहिला, तरी पंखांच्या टोकांत अडीच मिलिमीटरचा फरक पडतो. त्याच काळातलं फोक-वुल्फ 190 घ्या. त्याची चाकं ऐसपैस लांब, तिथे हेच प्रमाण तिनास एक. तेवढीच चूक तिथे बऱ्यापैकी लपून जाते.

आणखी एक गंमत. दोन चाकं पुढे आणि एक शेपटाखाली, अशी ही तिवई. चार पायांचं टेबल डुगडुगतं आणि चूक सांगून टाकतं. तिवई कधीच डुगडुगत नाही. ती मुकाट्यानं कलते.

माझ्या विमानाचा डावा पंख उजव्यापेक्षा 4 मिलिमीटर खाली होता. मी ठरवून टाकलं, डावा पाय आखूड आहे. त्याच्या मुळाशी प्लास्टिकची चकती घालायला निघालोही होतो. तेवढ्यात घराचं काम करणाऱ्या गवंड्याची आठवण झाली. भिंत वाकडी वाटली की तो आधी ओळंबा सोडतो, थापी नंतर उचलतो. मी दोऱ्याला एक नट बांधला आणि शेपटावरच्या उभ्या पंखामागे लोंबता सोडला.

इथेच सगळी मेख आहे. दोऱ्याशी उभा पंख समांतर असेल आणि शेपटाचे आडवे पंख सपाट असतील, तर पाय निर्दोष आहेत. मोठे पंखच तुम्ही कमी-जास्त उचलून चिकटवलेत. पण शेपूटही त्याच बाजूला कललं असेल, तर सगळं विमान कललंय आणि दोष पायांत आहे. अर्थात शेपूट मुळात सरळ बसवलेलं असेल तरच हे खरं. माझं शेपूट कललेलं निघालं.

मग पाय काढायचे कसे? मी ते सुपरग्लूनं चिकटवले होते. पायांसाठी हा गोंद वाईट, कारण तो क्षणात पकडतो आणि सरळ करायला वेळच देत नाही. पण थंडीनं तो ठिसूळ होतो. त्यामुळे विमान तासभर फ्रीजरमध्ये, मटाराच्या पिशवीशेजारी. नंतर हलकेच पिळल्यावर दोन्ही पाय टक्कन सुटले.

आणि गुन्हेगार डावा नव्हताच! उजव्या पायाच्या भोकात हिरव्या रंगाचा एक थेंब वाळून बसला होता. त्यामुळे तो पाय पुरता आत जातच नव्हता. सुईनं खरवडला, आणि उजवा पाय अर्धा मिलिमीटर आणखी आत गेला. रंग खरवडायचाच असतो, कारण प्लास्टिकचा गोंद प्लास्टिक विरघळवून जोडतो. रंगावर त्याची मात्रा चालत नाही.

डाव्या पायाची खुंटी मात्र या झटापटीत मोडली. ती कापून टाकली, पायात आणि धडात हातड्रिलनं बारीक भोक पाडलं आणि आत टाचणीचा तुकडा बसवला. ही जोडणी किटमधल्या खुंटीपेक्षा मजबूत होते. या वेळी गोंद सावकाश वाळणारा घेतला. विमान थर्माकोलच्या खाचेत उलटं ठेवलं. पाय किती फाकायचे ते नकाशावरून पोस्टकार्डावर कापून घेतलं होतं. ते कार्ड पायांमध्ये अडकवलं आणि रात्रभर हात लावला नाही.

सकाळी थोडा फरक उरलाच होता. तो चाकांत काढला. काचेवर पॉलिश पेपर ठेवून उंच बाजूचं चाक तळाशी किंचित घासलं. खरा टायरही वजनानं तळाशी चपटा होतो, त्यामुळे ते उलट जास्त खरं दिसतं. दुसरं चाकही नावापुरतं घासा, नाहीतर एकच टायर पंक्चर झाल्यासारखा दिसेल. पायाला चिकटणारी झाकणं सगळ्यात शेवटी लावा. मुळाशी राहिलेली फट त्यांच्यामागे जाते.

आता दोन पंखांत पाऊण मिलिमीटरचा फरक आहे. फुटपट्टी लावल्याशिवाय तो कळत नाही, आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांच्या हातात मी फुटपट्टी देत नाही.

नमस्कार.