पन्नी

(दृश्य: पाऊस. किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या, वर ताडपत्र्या.)

जून-जुलै. मासेमारी बंद. हंगामात पहाटे तीनला उठणाऱ्या तरण्या पोरांना आता दिवस खायला उठतो.

रत्नागिरीजवळचं हे घर. धाकटा मुलगा खलाशी. आईला आधी खटकलं ते एवढंच, की चपात्या गुंडाळायची फॉइल सारखी संपते. मग एके दिवशी न्हाणीमागे त्याच पन्नीचे तुकडे सापडले, मधोमध काळा ओघळ. ब्राउन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, ओढली की पन्नीवर असाच डाग राहतो. तिला ते ठाऊक नव्हतं, पण काळजात चर्र झालं. तुकडे चुलीत घातले आणि ती गप्प राहिली. भावकीत कळलं तर? थोरलीचं लग्न ठरायचं होतं. त्या गप्प बसण्यात वर्ष गेलं.

ऑगस्ट २०२३ मध्ये दापोली-गुहागरच्या किनाऱ्यांवर चरसाची पाकिटं वाहून आली, तेव्हा गावोगाव तीच चर्चा होती. पण या पोराला पहिली पुडी समुद्रानं दिली नाही. सोबतच्या दोस्तानं दिली. "अंग दुखतंय ना? एक दम मार."

पुढे पुडी चुकली की टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास. नाक-डोळे वाहतात, हाडं ठणकतात, जुलाब लागतात. दोन-तीन दिवस जिवघेणे वाटतात, आठवड्याभरात उतार पडतो. घरच्यांना वाटतं, सुटला! पण ओढ डोक्यात तशीच असते, आणि शरीराची सवय मात्र मोडलेली. अशा वेळी पूर्वीइतकाच माल घेतला तर श्वास बंद पडून माणूस दगावू शकतो. म्हणून पोराला खोलीत कोंडू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं आणि समुपदेशन, दोन्ही महिनोन्‌महिने चालतात. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय. जायचं कुठे हे कळत नसेल तर १४४४६ या सरकारी हेल्पलाइनला फोन करा.

पोलिसांची भीती असते, ती खरीच. पण १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यातलं कलम ६४-अ ऐकून ठेवा: स्वतःपुरता थोडा माल बाळगलेला व्यसनी आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं.

(दृश्य: नारळी पौर्णिमेनंतरची जेटी.)

मुलगा परत होडीवर चाललाय. तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, एकच अट घातली आहे. पगार त्याच्या हातात द्यायचा नाही, आईच्या हातात द्यायचा. मुलानंच तसं सांगितलंय.