किंग्स्टनचा पाऊस

नमस्कार श्रोतेहो.

1971 चा वेस्ट इंडीज दौरा म्हटलं की कुणीही पटकन सांगतो, सुनील गावसकर, 774 धावा. खरंच आहे. पण दौऱ्याची पहिली कसोटी गावसकर खेळलाच नव्हता. बोट सुजलेलं, त्यामुळे तो बाहेर बसून होता. मला आज त्याच कसोटीबद्दल बोलायचंय.

किंग्स्टन, सबायना पार्क. पहिला दिवस पावसानं धुऊन नेला. दुसऱ्या दिवशी आपले 75 धावांत 5 गडी तंबूत. नऊ वर्षांपूर्वी याच बेटांवर आपण पाचही कसोट्या हरलो होतो, तेव्हा पुढचं काय ते सगळ्यांना ठाऊकच होतं म्हणा ना! खेळपट्टीवर होते मडगावचे दिलीप सरदेसाई. 1962 च्या त्या पराभवाचेही ते साक्षीदार. यंदा संघात जागा मिळाली तीही जेमतेम, कर्णधार अजित वाडेकरांनी आग्रह धरला म्हणून. जोडीला एकनाथ सोलकर, मुंबईच्या हिंदू जिमखान्यावरच्या माळ्याचा मुलगा. दोघांनी 137 धावा जोडल्या. सोलकर 61 वर गेला. मग सरदेसाईंनी गोलंदाज प्रसन्नाला हाताशी धरलं आणि नवव्या जोडीनं आणखी 122 धावा कुटल्या. सरदेसाई 212, भारत 387.

वेस्ट इंडीज 217 वर आटोपले. आघाडी 170. पाच दिवसांच्या कसोटीत फॉलोऑन द्यायला, म्हणजे समोरच्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला लावायला, 200 ची आघाडी लागते, पण पहिला दिवस वाया गेल्यानं हा सामना चार दिवसांचा धरायचा, म्हणजे 150 पुरे. वेस्ट इंडीजचे कर्णधार गॅरी सोबर्स यांच्या हे ध्यानातच नव्हतं. वाडेकर त्यांच्या खोलीत गेले आणि सांगितलं, पुन्हा फलंदाजी तुमचीच. सोबर्सना फॉलोऑन! कॅरिबियन मैदानावर, भारताकडून!

सामना अनिर्णित राहिला. रोहन कन्हायनं नाबाद 158 काढून घर सावरलं. पण माझ्या मते मालिका तिथेच फिरली. पुढची कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला. सरदेसाई 112, पदार्पणात गावसकर 65 आणि नाबाद 67, फिरकीपटू सलीम दुराणींनी सोबर्सचा शून्यावर त्रिफळा उडवला, लॉइडलाही परत पाठवलं, आणि आपण वेस्ट इंडीजला पहिल्यांदाच कसोटीत हरवलं, 7 गडी राखून. उरलेल्या तिन्ही कसोट्या अनिर्णित, मालिका 1-0 आपली.

आणि सरदेसाई? त्यांच्या धावा झाल्या 642. त्या मात्र विचाराव्या लागतात.