ठणका की सणक?

माझ्यासमोर रुग्ण येऊन बसला की पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं, "सगळं अंग दुखतंय हो." मी विचारते, "दुखतंय म्हणजे काय होतंय?" इथे माणूस अडखळतो. दुखतंय म्हणजे दुखतंय, आणखी काय सांगायचं?

पण मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत बघा. ठणका, कळ, सणक, चमक, रग, ठसठस. पोटऱ्यांत गोळे येतात, मान अवघडते, पाठीत उसण भरते, अंग मोडून येतं, हाताला मुंग्या येतात. यातला एक शब्द काढून त्या जागी दुसरा घालता येत नाही. आपल्या आजीला हे शब्द नेमके वापरता येत होते. आपण मात्र सगळ्याला 'पेन' म्हणतो आणि गोळी मागतो. योग्य शब्द आणि दुखण्याची वेळ, या दोन गोष्टी सांगता आल्या तर दुखण्याचं कारण बरेचदा तपासणीच्या आधीच दिसू लागतं. आज मी एवढ्याचसाठी बोलणार आहे.

'अंग मोडून येतंय' यापासून सुरुवात करू. ताप चढायच्या आधी कणकण वाटते आणि हाडं-सांधे दुखायला लागतात. विषाणू शरीरात शिरला की आपली प्रतिकारशक्ती कामाला लागते, त्यात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. ती मेंदूतलं तापमानाचं केंद्र वर सरकवतात आणि वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंची टोकं हळवी करतात, म्हणून ताप आणि अंगदुखी जोडीने येतात. अ‍ॅस्पिरिनमुळे ही द्रव्यं तयार होणं थांबतं, हे औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवलं आणि 1982 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. पण ताप कशाचा हे कळलेलं नसताना अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका. तो डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. अशा वेळी पॅरासिटामॉल घ्यावं, तेही मोजून. प्रौढ माणसाला 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर नाही, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या ही शेवटची मर्यादा. यकृताचा त्रास असेल किंवा वजन फार कमी असेल तर त्याहूनही कमी. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं, तेही या हिशेबात धरायचं. लोक इथेच चुकतात.

आता रग. बऱ्याच दिवसांनी व्यायाम केला, डोंगर उतरून आलो, की त्या दिवशी काही वाटत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलायला लागतात. हे लॅक्टिक आम्लामुळे होतं असं सगळीकडे सांगतात, ते खरं नाही. ते आम्ल तास-दोन तासांत निघून जातं. स्नायू ताणला जात असताना त्याला जोरही लावावा लागला की त्याच्या तंतूंना अतिशय बारीक इजा होते आणि तिची डागडुजी सुरू झाली की दुखतं. चढण्यापेक्षा उतरणं जास्त दुखवतं ते याचमुळे. यावर हलकं चालणं आणि कोमट पाण्याची अंघोळ पुरते. फक्त अशा श्रमांनंतर लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, कारण स्नायूंमधले घटक रक्तात उतरून मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

एक बाई माझ्याकडे यायच्या. काम दिवसभर संगणकावर. त्यांचा शब्द होता 'जड', खांदे जड होतात. सकाळी ठीक, दुपारनंतर सुरू, सुट्टीच्या दिवशी अजिबात नाही. मणक्याचे एक्स-रे काढून झाले होते, पट्टा वापरून झाला होता. मी त्यांना म्हटलं, तुम्ही कामाला बसता तशा माझ्या टेबलाशी बसून दाखवा. त्या बसल्या. टेबल उंच, खुर्ची खाली, त्यामुळे कोपरं वर उचललेली आणि दोन्ही खांदे कानांकडे सरकलेले. बोटं टाइप करत होती आणि मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू दोरीसारखा ताठ उभा होता. स्नायू असा थोडासा आवळून तासन्‌तास धरून ठेवला की त्याला पुरेसा रक्तपुरवठा होत नाही. वजन उचलावं लागत नाही, नुसतं धरून ठेवणंच भारी पडतं. आम्ही खुर्ची वर घेतली, पायाखाली लहान स्टूल दिलं, दर अर्ध्या तासाने उठायचं ठरवलं आणि खांद्यांचे व्यायाम सुरू केले. दीड महिन्याने त्या आल्या तेव्हा पट्टा गळ्यात नव्हता.

कंबरेबद्दल मला जास्त वेळ घ्यायचा आहे. जगात माणसांना सर्वाधिक काळ अपंग करून ठेवणारा त्रास हाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे 2020 मध्ये सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती. उसण भरते तेव्हा माणूस घाबरून जातो, वाकलेला सरळ होत नाही, काहीतरी तुटलं असं वाटतं. बहुतेक वेळा काही तुटलेलं नसतं. स्नायूंनी आखडून त्या जागेला पहारा दिलेला असतो. मी नवीन होते तेव्हा अशा रुग्णाला आठवडाभर झोपून राहायला सांगत असे, आम्हाला शिकवलं तसंच होतं. त्याची मला आजही खंत वाटते. 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस विश्रांती सांगितली होती. सात दिवसवाल्यांना जास्त फायदा झाला नाही, उलट दोन दिवसवाले कामावर लवकर परतले. म्हणून फार तर एक-दोन दिवस आराम, शेक, आणि मग घरातल्या घरात चालायला सुरुवात. चालताना थोडं दुखेल, पण त्या दुखण्याने मणक्याला इजा होत नाही.

आणि एमआरआयचा अहवाल वाचून खचू नका. 'डिस्क (दोन मणक्यांमधली गादी) झिजली आहे' हे वाक्य मी अनेकांच्या मनात रुतून बसलेलं पाहिलं आहे. ज्यांना काडीचंही दुखत नाही अशा लोकांचे एमआरआय पाहिले, तर विशीतल्या शंभरांत सदतीस जणांच्या डिस्कमध्ये झीज दिसते आणि ऐंशीच्या घरात जवळपास सगळ्यांच्याच. केस पांढरे होतात तसंच ते.

सणक वेगळी. कंबरेतून निघून पायाच्या मागून पोटरीपर्यंत, पावलापर्यंत विजेसारखी जाते, खोकलं-शिंकलं की वाढते, सोबत मुंग्या असतात. इथे मज्जातंतू दबलेला किंवा सुजलेला असतो. हेही बहुतेकांचं काही आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय शमतं. पण बसताना जमिनीला टेकतो तो भाग बधिर झाला, लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा पायातली शक्ती कमी होत चालली, तर सकाळची वाट बघायची नाही. तसंच छाती दाटून डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली आणि दरदरून घाम फुटला, तर तो हात चोळत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, वजन घटणं, उतरत नसलेला ताप, हेही अंगावर काढायचं नाही.

चाळिशीच्या आतल्या तरुणांसाठी एक. सकाळी उठल्यावर कंबर अर्धा तास, तासभर आखडलेली, हालचाल केली की मोकळी होते आणि आराम केला की वाढते. हे झिजेचं किंवा श्रमाचं लक्षण नाही, हा दाहाचा सांधेरोग असू शकतो. याचं निदान व्हायला वर्षं जातात, कारण रुग्ण फक्त 'कंबर दुखते' एवढंच सांगतो. 'सकाळी आखडते, चाललं की सुटते' असं सांगितलं तर ऐकणाऱ्याचे कान टवकारतात.

मार लागला की आपण ती जागा आपसूक चोळतो. त्याने खरंच बरं वाटतं. स्पर्शाचे जाड तंतू मज्जारज्जूत पोचून वेदनेच्या बारीक तंतूंची वाट अडवतात, ही कल्पना वेदनेचे अभ्यासक रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडली. तिच्यात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण वेदनेला वाटेत दारं आहेत ही गोष्ट टिकली. ती दारं मेंदूकडूनही उघडतात आणि मिटतात. झोप कमी झाली, भीती वाढली, की तेच दुखणं मोठं होतं. म्हणून महिनोन्‌महिने दुखणाऱ्या माणसाला 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' असं कोणी म्हटलं की मला राग येतो. त्याची वेदना शंभर टक्के खरी असते. आधी ड जीवनसत्त्व, थायरॉइड बघा, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू आहे का विचारा, यांमुळेही अंग दुखू शकतं. आणि झोपेचं विचारा, ते कोणीच विचारत नाही.

एक चिठ्ठी आली आहे. 'आई 68 वर्षांची, गुडघे दुखतात, दोन वर्षं रोज वेदनाशामक गोळी घेते, चालेल का?' नाही चालणार. या गोळ्यांनी जठरात व्रण होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि हे सगळं गाजावाजा न करता होतं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ती रक्ततपासणी), हिमोग्लोबिन आणि रक्तदाब या आठवड्यात तपासून घ्या. शौच काळी होते का, ते त्यांना स्पष्ट विचारा, व्रणातून रक्त जात असेल तर ती तशी होते. गोळीऐवजी गुडघ्यावर लावायचं वेदनाशामक जेल चालेल का, हे त्यांच्या डॉक्टरांशी बोला. वजन जास्त असेल तर एक किलो कमी झालं तरी दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. आणि आजपासून हे करायला सांगा. खुर्चीत बसून एक पाय गुडघ्यात सरळ करायचा, पाच अंक मोजेपर्यंत धरायचा, सावकाश खाली आणायचा. दहा वेळा एका पायाने, दहा वेळा दुसऱ्याने, सकाळ-संध्याकाळ. डॉक्टरकडे जाताना एका कागदावर लिहून न्या, गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना, सकाळी की रात्री, आणि त्या दुखण्याला आई स्वतः कोणता शब्द वापरते.