वाचणाऱ्याइतकाच ऐकणारा हवा

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी.

पुण्यात आम्ही काही जण मराठी पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करतो. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी शाळेत शिकवणाऱ्या, दोघी-तिघी कॉलेजातल्या मुली. पैसे कुणी घेत नाही. हे काम सांगितलं की लोक पहिल्यांदा आवाजाबद्दल विचारतात, मग माइकबद्दल. वाचायला तयार असलेली माणसं आम्हाला मिळतात. पण दुसऱ्यानं वाचलेलं, पुस्तक समोर धरून, शब्दाला शब्द लावून ऐकणारी माणसं मिळत नाहीत. ती मागायला मी इथे अमेरिकेत तुमच्यापुढे उभी आहे.

काम कसं चालतं ते आधी सांगते. वाचणारा घरीच रेकॉर्ड करतो. पंखा बंद, खिडक्या बंद, भिंतीला गोधड्या लावलेल्या. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम सगळ्यांकडे आहे. गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की त्या बाजूची घरं संध्याकाळी रेकॉर्डिंगला निरुपयोगी होतात, मग पहाटे उठून वाचायचं. प्रकरण झालं की फाइल दुसऱ्याकडे जाते. तो ऐकतो आणि टिपण करतो: बाराव्या मिनिटाला ओळ सुटली, अमुक ठिकाणी ‘दिन’चं ‘दीन’ वाटतंय, इथे पान उलटल्याचा आवाज आला. वाचणारा तेवढंच वाक्य पुन्हा वाचतो आणि तुकडा जोडतो. हा तुकडा जोडणं फार अवघड. सकाळचा आवाज आणि रात्रीचा आवाज एक नसतो, माइकपासून वीतभर मागे सरकलात तरी कानाला कळतं. म्हणून चूक दोन दिवसांत कळली तर बरं, महिन्यानं कळली तर अख्खं पानच पुन्हा वाचावं लागतं.

ही पद्धत आमची नाही. २००५ साली ह्यू मॅक्गायर यांनी माँट्रियलमध्ये लिब्रिवॉक्स सुरू केलं, तिथे जगभरचे स्वयंसेवक हक्कमुक्त पुस्तकं वाचतात आणि दुसरे स्वयंसेवक ती ऐकून तपासतात. त्यांचा एक नियम मला फार आवडतो. वाचणाऱ्यानं स्वतः विचारल्याशिवाय त्याच्या वाचण्याच्या ढंगावर शेरा मारायचा नाही. चूक सांगायची, ढंगाला हात लावायचा नाही.

मराठीत मात्र ही सीमा कुठे आखायची हे आमचं आम्हालाच ठरवावं लागलं. आपल्या लिपीत ‘च’ आणि ‘ज’ एकेकच आहेत, उच्चार दोन-दोन. ‘जरा थांब’ मधला ‘जरा’ आणि ‘जरा-मरण’ मधली ‘जरा’ छापताना एकच, वाचताना वेगळ्या. ‘देवाचा जप’ आणि ‘तब्येतीला जप’, तेच. ‘चार गाई’ आणि ‘गाईंचा चारा’ घ्या. मोठ्या माणसाला हे कुणी शिकवलेलं नसतं, कानातून आलेलं असतं. पण वाचताना नजर ओळीच्या पुढे धावते, वाक्याचा अर्थ कळायच्या आत जीभ शब्द बोलून टाकते, आणि संतसाहित्यावरच्या एका गंभीर परिच्छेदात म्हातारपणाऐवजी ‘थोडंसं’ येऊन बसतं. वाचणाऱ्याला ते स्वतःला ऐकू येत नाही. दुसरा कानच ते पकडतो. जुन्या छपाईतले अनुस्वार हा आणखी एक घोळ. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढले, पण त्याआधीच्या पुस्तकांत ते पानापानावर आहेत. नवा वाचक ते इमानदारीनं नाकातून म्हणतो, आणि गद्य अवघडून जातं.

हा काटेकोरपणा कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी अंध विद्यार्थ्यांकडे बोट दाखवते. त्यांच्यातले कितीतरी जण दीडपट, दुप्पट वेगानं ऐकतात. त्या वेगात सैल उच्चार टिकत नाही. संगणकाचा आवाज त्यांच्याकडे असतोच, पण दोन ‘च’ लिपीत दिसत नाहीत म्हणून यंत्रही तिथे अडखळतं. नाटकी वाचन त्यांना नको असतं. तळटीप वगळू नका, तक्ता गाळू नका, एवढंच त्यांचं मागणं.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. उच्चार तपासायचा म्हटलं की पुण्यात बसलेल्या माणसाचा कान आपोआप पेठेतली मराठी प्रमाण धरतो. हा धोका खरा आहे आणि मी तो पाहिलाय. लातूरकडच्या एका मुलीनं कथा वाचली होती. तपासणाऱ्यानं संवादांतले ‘आन्’ आणि ‘न्हाई’ चुका म्हणून लिहून पाठवले. ते शब्द पुस्तकात तसेच छापलेले होते! आणि तिच्याइतकं अस्सल ते आमच्यापैकी कुणालाही वाचता आलं नसतं. तेव्हापासून आमच्याकडे तपासणाऱ्यानं शेरा लिहिण्याआधी छापील ओळ पाहायची, आणि अर्थ बदलतोय का हे स्वतःला विचारायचं. निवेदनात ‘पाणी’ छापलंय आणि ‘पानी’ वाचलं गेलंय, तर जरूर सांगा. पण वाक्याचा हेल मराठवाड्याचा आहे, वऱ्हाडी आहे, मालवणी आहे, तर तो तसाच राहू द्या. तो त्या माणसाचा आहे आणि मराठीचाही आहे. बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्या म्हणत आणि सोपानदेव व घरातली माणसं लिहून घेत. कानातून कागदावर आलेली ती कविता पुन्हा कानापर्यंत पोचवायची, तर वाचणारा आणि तपासणारा दोघेही जळगावकडचे असले पाहिजेत. पुण्याचं तिथे काही काम नाही.

पुस्तकं कोणती घ्यायची हेही विचारलं जातं, ते थोडक्यात सांगते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. हरिभाऊ आपटे, गडकरी १९१९ साली गेले, साने गुरुजी १९५० साली, त्यामुळे त्यांचं साहित्य मोकळं आहे. पु. लं.ची मागणी सगळ्यांत जास्त, पण ते २००० साली गेले, म्हणजे परवानगीशिवाय २०६० अखेरपर्यंत नाही. अंध वाचकांसाठी २०१२च्या दुरुस्तीनं वेगळी सवलत दिलीय, पण त्या फाइली त्यांच्यापुरत्याच ठेवाव्या लागतात. इथल्या कायद्यात जुन्या पुस्तकांची मुदत प्रकाशनाच्या वर्षापासून मोजतात, तेव्हा इथून काही प्रसिद्ध करणार असाल तर आधी ते पाहा.

तुमच्याकडे दोन प्रकारची माणसं आहेत. एक, वीस-तीस वर्षांपूर्वी आलेले. तुम्ही नागपूर, कोल्हापूर, सावंतवाडी, धुळे सगळीकडून आलात, एकाच मंडळात आहात, आणि आमच्या पेठांमध्ये न मिळणारे कान तुमच्याकडे आहेत. दुसरी, इथे वाढलेली मुलं. त्यांच्या बोलण्यात ‘त’चा ‘ट’ होतो, ‘भ’ हलका पडतो, ‘ळ’ हरवतो. त्यांना पुस्तक वाचायला द्या. पुण्यातल्या आज्या ऐकायला तयार आहेत, एकेक गोष्ट, पाच-पाच मिनिटांची. मुलानं ‘वेळ’ला ‘वेल’ म्हटलं तर आजी तेवढा शब्द स्वतः म्हणून पाठवेल, मुलानं तो ऐकून पुन्हा म्हणायचा. शाळेसारखे गुण नाहीत.

बाहेर टेबलावर वही ठेवलीय. नाव, मूळ गाव आणि आठवड्यातून किती वेळ ऐकता येईल, एवढं लिहा. गाव जरूर लिहा, फाइली त्यावरूनच वाटणार आहोत. पहिल्या फाइली या महिन्याअखेर येतील, वऱ्हाडी आणि अहिराणी ऐकणारे आधी हवेत.