सेट, बसव आणि लाव

[कोल्हापूरजवळची शिरोली औद्योगिक वसाहत. पहिली पाळी नुकतीच सुरू झालीय.]

संगणकाच्या आज्ञेवर धातू कातणाऱ्या सीएनसी मशिनचं दार उघडं आहे. आत एक माणूस वाकून उभा आहे. त्याच्या चिमटीत धातू कातणारा, नखाएवढा कार्बाइडचा तुकडा आहे. इथं त्याला इन्सर्ट म्हणतात. होल्डरच्या खाचेत तो इन्सर्ट ठेवतो, बारीक स्क्रू आवळतो. मग एका बाजूनं आधीच कातलेलं कास्टिंग चकमध्ये, म्हणजे मशिनच्या फिरत्या पकडीत धरतो, किती फरक पडतो ते काट्यानं दाखवणारा डायल लावतो आणि चक हातानं सावकाश फिरवतो. काटा हलतो. मऊ हातोडीची एक टिचकी. पुन्हा फिरवतो. काटा अजून हलतोय, पण कमी. तिसऱ्या टिचकीनंतर काटा जागच्या जागी थांबतो.

"सेट झालं."

या माणसाचा हुद्दाच सेटर. एका मापाचा माल संपला की दुसऱ्या मापासाठी मशिन तयार करायचं, पहिला पीस काढायचा, मायक्रोमीटरनं तपासायचा, शंभरावा भाग मिलिमीटरचा फरक निघाला तरी ऑफसेट, म्हणजे मशिनमध्ये भरलेलं हत्याराचं माप, बदलायचा, आणि मगच मशिन ऑपरेटरच्या ताब्यात द्यायचं. पुढं दिवसभरात निघणारा सगळा माल या पहिल्या पीसच्या भरवशावर असतो. तासभर आम्ही तिथं कॅमेरा लावून बसलो होतो. "सेट" हा शब्द किती वेळा कानावर पडला, ते मोजायचं राहून गेलं.

"लावून" आणि "बसलो". हे दोन शब्द लक्षात ठेवा. ही गोष्ट त्यांचीच आहे.

[शहरातले रस्ते. दुपार.]

शिरोलीतून पुलाच्या अलीकडं या. भांड्यांच्या दुकानात डिनर सेट. सराफाकडं साज आणि त्याला शोभणारी कर्णफुलं, मिळून सेट. परीक्षेत प्रश्नपत्रिकेचा सेट ए, सेट बी. व्हॉलीबॉलच्या मैदानावर दुसरा सेट. क्रीजवर सेट झालेला बॅट्समन. पोरगं पुण्यात नोकरीला लागलं की "सेट झालं". कुठं आतून काही ठरलं असेल तर "सेटिंग". आणि चौकात दोस्त भेटला की, "काय भावा, सगळं सेट हाय न्हवं?" प्राध्यापक व्हायला जी सेट परीक्षा देतात, ती मात्र वेगळी. ती निव्वळ आद्याक्षरं.

इंग्रजीत तर या तीन अक्षरी शब्दाचा पसारा थक्क करणारा आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती 1989 साली 20 खंडांत निघाली. तिच्यातली सगळ्यात लांब नोंद याच शब्दाची होती. क्रियापद म्हणून सेटचे 430च्या आसपास अर्थ, आणि ते समजावून सांगायला सुमारे 60,000 शब्द. म्हणजे एका शब्दावर कादंबरीएवढा मजकूर. पुढच्या आवृत्तीचं काम सुरू झाल्यावर "रन" या शब्दानं त्याला मागं टाकलं. त्याचे 645 अर्थ भरले. पण इतकी वर्षं मान सेटचा होता.

एवढे अर्थ आले कुठून? मुळाशी गेलं की गोष्ट एकदम घरची वाटायला लागते.

इंग्रजीत सिट म्हणजे बसणं. आणि सेट हे त्याच सिटचं प्रयोजक रूप. बसणं आणि बसवणं! आपण पडणंवरून पाडणं करतो, तसं तिकडं फॉलवरून फेल होतं. झाड पडतं ते फॉल, झाड पाडतात ते फेल. नातं तेच. या सिट-सेटचं जे मूळ, तेच संस्कृतातल्या "सद्" धातूचं. सदन, संसद, परिषद, उपनिषद हे सगळे त्याच कुळातले. आपलं "बसणं" मात्र त्या घरचं नाही. ते "उपविश्"वरून आलं, आणि जुन्या मराठीत, संतांच्या ओव्या-अभंगांत, ते "बैसणे" म्हणून भेटतं.

डिनर सेट, दागिन्यांचा सेट यातल्या "सेट" या नामात आणखी एक धागा आहे. तो लॅटिन "सेक्टा"कडून, फ्रेंचमार्गे आला. सेक्टा म्हणजे मागोमाग जाणारे, पंथ. त्याचा धातू आणि आपल्या "सचिव"मधला "सच्" एकाच मुळाचे. सचिव म्हणजे सोबत असणारा. गणिताच्या पुस्तकात या नामाला "संच" हा नेटका शब्द दिलाय. नववीच्या गणिताचा पहिला धडा तोच.

[तालीम. संध्याकाळ. लाल माती.]

कोल्हापूरच्या तालमीत खांदा निखळला की तो "बसवतात". जाणता माणूस एका हातानं दंड धरतो, दुसरा हात काखेखाली, पोराला बोलण्यात गुंतवतो आणि एका झटक्यात हाड जागेवर. इंग्रजीतही हाड "सेट" करतात, आणि ते करणाऱ्याला बोनसेटर म्हणतात. शब्दाला शब्द जुळतो. अंगठीत खडा सेट करतात, आपण खडा बसवतो.

पण पुढं जा, आणि बसवणं एकटं पुरत नाही. इंग्रज घड्याळाचा गजर सेट करतो. आपण गजर लावतो. तो उंदरासाठी सापळा सेट करतो, आपण लावतो. तो कविता संगीतात सेट करतो, आपण कवितेला चाल लावतो. तो दही सेट करतो, आपण दही लावतो. म्हणजे इंग्रजीत एका सेटवर जो भार आहे, तो मराठीत दोघांनी वाटून घेतलाय. बसव आणि लाव.

ही वाटणी उगाच झालेली नाही, असं मला फार दिवसांपासून वाटतं. नीट ऐका. खडा बसवला, हाड बसवलं, घट बसवले, फरशी बसवली: वस्तू आपल्या जागी आली आणि थांबली. काम संपलं. गजर लावला, दही लावलं, दिवा लावला, रोप लावलं, आग लावली: इथं हात निघाला आणि काम सुरू झालं. गजर पुढं वाजणार आहे. दही रात्रभर आपल्या आपण घट्ट होणार आहे. रोप वाढणार आहे. बसवलेलं स्थिरावतं, लावलेलं चालू होतं. प्रत्येक ठिकाणी हे तंतोतंत जुळत नाही. खुर्च्याही "लावतात" आणि त्या कुठं जात नाहीत. पण बहुतेक वेळा जुळतं, आणि तीन वर्षांच्या पोरालाही ते न शिकवता येतं.

सेटरकडं पुन्हा बघा. त्यानं इन्सर्ट बसवला, डायल लावला. दिवसभर तोंडात सेट असूनही हातातल्या कामाला तो हेच दोन शब्द वापरत होता. एक थांबलेलं, एक चालू. काटा थांबल्यावर त्यानं जे "सेट झालं" म्हटलं, ते या दोन्हींच्या पलीकडचं होतं. सगळं मिळून तयार आहे, आता बटण दाबा. तिथं तो शब्द कामाचा आहे. कारखान्यानं कमावलेला शब्द आहे. त्याला मराठी पर्याय शोधत बसायची मला गरज वाटत नाही.

सिनेमावाल्यांचंही तसंच. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी याच गावातली. 'सैरंध्री' 1920 साली पडद्यावर आला. चित्रकार असूनही बाबूरावांनी रंगवलेल्या पडद्यांवर भागवलं नाही. ज्यात माणसं वावरतील, असे उभे, भरीव सेट त्यांनी उभारले. पुढं 1929 साली प्रभातही इथंच सुरू झाली आणि 1933 साली पुण्याला गेली. त्या सगळ्या सुतारांनी, रंगाऱ्यांनी "सेट" हा शब्द असा आपलासा केला की आज नाटक करणारी पोरं सहज म्हणून जातात, "नाटक बसवलंय, सेट लावायचाय." तिन्ही शब्द एका वाक्यात, आणि एकही दुसऱ्याच्या जागेवर नाही.

मला काळजी वाटते ती घरात. माझी आई झाकण उचलून बघते आणि म्हणते, "लागलंय दही." माझी मुलगी फ्रिज उघडून विचारते, "बाबा, दही सेट झालं का?" चूक कुणाचीच नाही. पण "लागलं" या शब्दात विरजण होतं, कोमट दूध होतं, थंडीत भांड्याभोवती गुंडाळलेलं फडकं होतं. आता घडी बसत नाही, सेट होते. जम बसत नाही, सेट होतो. मांडणी, बेत, जुळणी, सगळ्यांच्या जागी एकच शब्द येऊन बसला, तर त्या सगळ्यांमधले फरक दाखवायला पोरांकडं काय उरणार? सेटचे 430 अर्थ कुणीतरी एकेक करून टिपले. आपल्याकडं मोल्सवर्थचा कोश आहे, 1831चा, पुढं 1857 साली वाढवलेला. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आहे, 1932पासून निघालेला. त्यातलं "बसणे" एकदा उघडून वाचा. आवाज बसतो, धंदा बसतो, धक्का बसतो, गाळ बसतो, विश्वास बसतो, चप्पल पायाला बसते, किंमत अमुक बसते. हे ऐश्वर्य आपल्या घरात आहे.

[रंकाळा. दिवस मावळतोय.]

इंग्रजीत सूर्यही सेट होतो. म्हणजे खाली बसतो. आपल्याकडं तो मावळतो, आणि पंचगंगेकाठची म्हातारी माणसं म्हणतात, दिस बुडाला. रंकाळ्याच्या पाण्याकडं बघत उभं राहिलं की बुडाला हेच खरं वाटतं.

[गुजरी. दुकानाच्या मागची छोटी खोली.]

दिव्याखाली एक वयस्कर कारागीर. काठीच्या टोकाला लाख, लाखेत अंगठी पक्की रुतवलेली. माणकाचा खडा त्यांनी मेणाच्या टोकानं उचलला आणि कोंदणात सोडला.

"मामा, काय करालायसा?"

"खडा बसवालोय."

पोलादी टोकानं ते कोंदणाची कड खड्यावर वळवतात. एका बाजूनं थोडी, मग बरोबर समोरच्या बाजूनं थोडी. एकदम एकाच बाजूनं दाबलं तर खडा तिरका होतो, कधी टवका उडतो. वर्तुळ पुरं व्हायला बराच वेळ जातो. आम्ही कुणीच बोलत नाही. मग लाख गरम करून ते अंगठी सोडवतात, पुसतात, कानाशी नेतात आणि हलवतात. सैल खडा वाजतो.

ते परत एकदा हलवतात. डोळे मिटून ऐकतात.

"बसला."